नुसरत फतेह अली खान एकच ओळ इतक्या वेळा का गातात?

पाकिस्तानचे कव्वाल नुसरत फतेह अली खान यांचं मैफिलीतलं रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकणाऱ्याची तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. खांसाहेब पुढे सरकतच नाहीत. मुखडा होतो, मागचे साथीदार तो उचलतात, खांसाहेब त्याच ओळीचा अर्धा तुकडा तोडून घेतात, मध्येच कुठला तरी फारसी शेर येतो, सरगमचा पाऊस पडतो आणि पुन्हा तीच ओळ. वीस-पंचवीस मिनिटं होतात तरी मूळ रचनेतले जेमतेम तीन-चार शेर झालेले असतात. ऐकणारा कंटाळतो तरी, नाहीतर खेचला तरी जातो.

माझं म्हणणं असं आहे की ही पुनरुक्ती हीच कव्वालीची मुख्य कला आहे. आवाजाचा पल्ला, ताना, लय हे सगळं तिच्या दिमतीला असतं. ती कशासाठी आहे आणि कशी चालते हे कळलं, तर उर्दू-पंजाबी फारशी न समजणाऱ्यालाही कव्वाली पुष्कळ उलगडते.

आधी एक नेहमीचा गोंधळ दूर करू. 'गझल आणि कव्वाली' असं आपण जोडीने म्हणतो, पण या दोन गोष्टी एका पातळीवरच्या नाहीत. गझल हा कवितेचा आकृतिबंध आहे. कव्वाली ही गाण्याची रीत आहे, आणि मुळात ती एका प्रसंगासाठी जन्मलेली आहे. त्यामुळे एखादी गझल मेहदी हसन तबला-हार्मोनियमच्या साथीत, शब्दाशब्दावर थांबत गातात तेव्हा ती गझलगायकी होते, आणि तीच गझल आठ-दहा जणांनी टाळ्यांच्या ठेक्यावर दर्ग्याच्या अंगणात म्हटली की कव्वाली. कव्वाल गझलच गातात असंही नाही. ईश्वरस्तुतीची हम्द, पैगंबरांची स्तुती करणारी नात, पैगंबरांचे जावई अली यांची किंवा अवलियांची थोरवी सांगणारी मनकबत, सूफी कवी बुल्लेशाहांच्या पंजाबी काफ्या, म्हणजे गेय पदं, ब्रज भाषेतले दोहे हे सगळं त्यांच्या पोतडीत असतं. पण गझलेचं आणि त्यांचं नातं सगळ्यात घट्ट, आणि त्याचं कारण गझलेच्या बांधणीत दडलेलं आहे.

ही बांधणी मराठी वाचकाला सुरेश भटांमुळे चांगली ओळखीची आहे. तरी एक उदाहरण समोर ठेवू, आणि ते आपल्याच मुलखातलं घेऊ. सिराज औरंगाबादी हे अठराव्या शतकातले सूफी कवी. त्यांची कबर औरंगाबादेतच, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आहे. त्यांच्या एका गझलेचा मतला, म्हणजे पहिला शेर, असा:

खबर-ए-तहय्युर-ए-इश्क सुन, न जुनूं रहा न परी रही
न तो तू रहा न तो मैं रहा, जो रही सो बेखबरी रही

प्रेमातल्या विस्मयाची वार्ता कानी आली आणि ना ते वेड उरलं, ना वेड लावणारी ती परी. ना तू उरलास, ना मी. उरलं ते फक्त भान हरपणं. यात शेवटी तसाच परत येणारा शब्द 'रही' हा रदीफ, आणि त्याआधी यमक जुळवणारे 'परी', 'बेखबरी' हे काफिये. पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत काफिया आणि रदीफ येणार. म्हणून एका शेरात अदृश्याकडून आलेल्या वाऱ्याने सगळी बाग जळून जाते, पण दुःखाची एक फांदी, 'जिसे दिल कहो', तेवढी 'हरी रही'. सूफी गायिका आबिदा परवीन यांनी ही गझल गायली आहे आणि कव्वालांच्या संग्रहातही तिला मानाचं पान आहे.

यातली कळीची गोष्ट अशी की गझलेतला प्रत्येक शेर स्वयंपूर्ण असतो. क्रम बदला, एखादा शेर गाळा, मतल्यानंतर थेट मक्ता, म्हणजे शेवटचा शेर घ्या, कवितेला इजा होत नाही. कथाकाव्यात असं करता येणार नाही. शेराशेरांमध्ये एक मोकळी जागा असते, आणि कव्वाल नेमका त्या जागेतून आत शिरतो.

आता तो प्रसंग. चिश्ती या सूफी पंथाच्या परंपरेतल्या साधकांनी संगीत ऐकण्याला साधना मानलं. या ऐकण्याला ते 'समा' म्हणतात. इथे केंद्रस्थानी गाणारा नसतो, ऐकणारा असतो. कव्वालाने गायचं ते समोर बसलेल्या साधकाच्या आत काहीतरी हलावं म्हणून. मेहफिलीला एक प्रमुख असतो, श्रोते त्याच्या अनुमतीने पुढे येऊन नजराणा देतात, आणि कव्वालाचे डोळे सतत समोरच्या चेहऱ्यांवर असतात. एखाद्या ओळीवर कुणाचे डोळे भरले, कुणाचा हात वर गेला, कुणी उठून उभा राहिला, की ती ओळ सोडायची नाही. कुणाला 'हाल' आला, म्हणजे भान सुटलं, तर ज्या शब्दांनी ते सुटलं तेच शब्द तो शांत होईपर्यंत गात राहायचं. हा शिष्टाचार आहे आणि जबाबदारीही. मध्येच ओळ बदलली तर त्या माणसाला इजा होऊ शकते, अशी श्रद्धा आहे.

या नियमामागे चिश्ती परंपरेत एक गोष्ट सांगतात. दिल्लीचे ख्वाजा कुत्बुद्दीन बख्तियार काकी १२३५ साली एका समाच्या मेहफिलीत बसले होते. कव्वाल अहमद-ए-जाम यांचा एक फारसी शेर गात होते. त्याचा आशय असा: समर्पणाच्या खंजिराने जे मारले गेले, त्यांना दर क्षणी अदृश्यातून नवा प्राण मिळतो. ख्वाजांचं भान गेलं. पहिल्या ओळीला ते निष्प्राण झाल्यासारखे होत आणि दुसरीला पुन्हा श्वास येई. कव्वाल तोच शेर गात राहिले. चार दिवस हे चाललं आणि मग ख्वाजांचं निधन झालं. दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन औलिया यांची वचनं टिपून ठेवणाऱ्या अमीर हसन सिज्झी यांनीही या मृत्यूची हकीकत नोंदवली आहे. हे हसन सिज्झी पुढे तुघलकाच्या काळात दौलताबादेला आले. वेरूळजवळच्या खुलताबादेत ते विसावलेले आहेत. तिथेच बुर्हानुद्दीन गरीब यांचाही दर्गा आहे. ते निजामुद्दीन औलियांचे शिष्य, आणि समाच्या ओढीसाठी प्रसिद्ध होते. दख्खनेत ही परंपरा रुजली ती अशी, दिल्लीहून निघालेल्या माणसांबरोबर.

ही गोष्ट डोक्यात ठेवून नुसरत यांचं रेकॉर्डिंग ऐकलं की 'खांसाहेब पुढे का जात नाहीत' हा प्रश्नच बदलतो. पुढे जाणं हे उद्दिष्टच नाही.

पण नुसती ओळ घोकून कुणाचं भान हरपत नाही. परत येणारी ओळ प्रत्येक वेळी वेगळी होऊन यावी लागते. कव्वालांकडे यासाठी दोन मुख्य हत्यारं आहेत. पहिलं तकरार. ओळ घ्यायची आणि तिचे तुकडे करत जायचे. पूर्ण ओळ, मग अर्धी, मग दोन शब्द, मग एकच शब्द. 'न तो तू रहा न तो मैं रहा' यातून हळूहळू फक्त 'न तू, न मैं' उरतं. मागचे लोक तो तुकडा टाळ्यांवर धरून ठेवतात आणि मुख्य गायक त्यावर स्वर फिरवतो. तुकडा जितका लहान, तितका तो जपाच्या जवळ जातो.

दुसरं हत्यार गिरह, आणि मला कव्वालीतली सगळ्यात बुद्धिमान गोष्ट हीच वाटते. गिरह म्हणजे मूळ रचनेची ओळ चालू असताना ती थांबवून दुसऱ्याच कवितेतला शेर, दोहा किंवा काफी आणायची, ती रंगवायची, आणि शेवटच्या शब्दावरून अशी उडी घ्यायची की मूळ ओळ जणू तिचंच उत्तर म्हणून यावी. वारकरी कीर्तन ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगायलाच नको. कीर्तनकार निरूपणाला एकच अभंग घेतो आणि तासभर त्याच्या चरणांभोवती फिरतो. मध्ये ज्ञानेश्वरीतली ओवी, तुकोबांचा किंवा नाथांचा अभंग प्रमाण म्हणून येतो, टाळकरी तो उचलून धरतात आणि गाडी पुन्हा मूळ चरणावर येते. फरक असा की कीर्तनकाराला मध्ये गद्यात बोलायची मुभा आहे. कव्वालाला ती सहसा नसते. त्याने बहुतेक निरूपण कवितेनेच करायचं.

सिराज यांच्याच ओळीवर हे कसं होईल ते जुळवून दाखवतो. 'न तो तू रहा न तो मैं रहा' इथे कव्वाल थांबेल. अमीर खुसरो यांच्या नावावर असलेली फारसी ओळ आणेल: 'मन तू शुदम, तू मन शुदी'. मी तू झालो, तू मी झालास. पुन्हा मूळ ओळ. मग ब्रजाकडे वळून कबीर: 'जब मैं था तब हरि नहीं, अब हरि हैं मैं नाहिं'. पुन्हा मूळ ओळ. मग पंजाबीत बुल्लेशाहांची हीर बोलेल, 'रांझा रांझा करदी नी मैं आपे रांझा होई'. रांझाचं नाव घेता घेता मीच रांझा झाले. आणि पुन्हा 'न तो तू रहा न तो मैं रहा'. ओळीतलं एक अक्षर बदललेलं नाही, पण चौथ्यांदा ती येते तेव्हा तिच्यामागे तीन भाषा आणि कितीतरी शतकं उभी असतात. चांगल्या कव्वालाच्या डोक्यात अशा शेकडो ओळी तयार असतात. कुठली कधी काढायची हे तो समोरचे श्रोते बघून तिथल्या तिथे ठरवतो. पंजाबी खेडूत असतील तर बुल्लेशाह जास्त, फारसी जाणणारे बुजुर्ग असतील तर हाफिज, रूमी.

नुसरत हे सगळं कुठे शिकले? त्यांचं घराणं जालंधरचं. फाळणीत ते लायलपूरला आलं, म्हणजे आजच्या फैसलाबादला, आणि तिथे १३ ऑक्टोबर १९४८ रोजी नुसरत यांचा जन्म झाला. वडील फतेह अली खान आणि काका मुबारक अली खान ही त्या काळातली नावाजलेली कव्वालांची जोडी होती, रागसंगीतातही मुरलेली. मुलाने डॉक्टर व्हावं अशी वडिलांची इच्छा होती. मुलगा तबल्याकडे आणि मग गाण्याकडे ओढला गेला. १९६४ साली वडील गेले. त्यांच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला नुसरत यांनी पहिल्यांदा लोकांसमोर गायलं. १९७१ साली काकाही गेले आणि कव्वाल पार्टीचं, म्हणजे गायक-वादकांच्या चमूचं, नेतृत्व नुसरत यांच्याकडे आलं. तबल्यापासून झालेली ही सुरुवात त्यांच्या गाण्यात शेवटपर्यंत ऐकू येते. शब्द ठेक्यावर कुठे आदळायचा आणि कुठे ठेका चुकवून मागून पकडायचा, याची समज त्यांच्या हाडात होती.

'पार्टी' हा शब्द कव्वालांचा स्वतःचा. मुख्य गायक, त्याला साथ करणारे एक-दोन गायक, दोन हार्मोनियम, तबला किंवा ढोलक, आणि मागच्या रांगेत टाळ्या वाजवत कोरस देणारे हमनवा. नुसरत यांचे धाकटे भाऊ फर्रुख यांची हार्मोनियम मुद्दाम लक्ष देऊन ऐकावी. खांसाहेबांच्या तोंडून सरगम सुटते आणि तिचा शेवटचा स्वर हवेत असतानाच फर्रुख यांची बोटं ती पकडतात. तबल्यावर दिलदार हुसेन. या मंडळींना इशाऱ्याचीही गरज पडत नसे. नुसरत यांचा हात नुसता वर उचलला गेला तरी कोरस कुठला तुकडा धरायचा हे ओळखे.

रचना साधारण अशी चढत जाते. सुरुवातीला हार्मोनियमवर फक्त सुरावट. मग ठेक्याविना आलाप आणि एखादा प्रास्ताविक शेर किंवा दोहा, ज्यातून विषयाची चाहूल लागते. मग मुखडा, टाळ्या, आणि तिथून पुढे तकरार आणि गिरह यांचा खेळ. लय हळूहळू वाढते. दर्ग्यात मेहफिलीची सुरुवात बहुधा कौलाने, म्हणजे पैगंबरांच्या वचनावरच्या रचनेने, होते. पैगंबरांनी अलींबद्दल उच्चारलेल्या वचनावरचं 'मन कुन्तो मौला' हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं, परंपरेने खुसरोंचं मानलेलं. समारोप 'रंग'ने, म्हणजे खुसरोंच्याच नावावरच्या 'आज रंग है' या रचनेने, होतो.

नुसरत यांनी या साच्यात स्वतःची भर घातली ती सरगमची. सा रे ग म ही स्वरनामं कव्वालीत आधीही येत, पण त्यांनी ती ज्या वेगाने आणि ज्या प्रमाणात आणली, तसं कुणी केलं नव्हतं. काही जुन्या जाणकारांना हे शब्दांवर अतिक्रमण वाटलं. मला तसं वाटत नाही. त्यांची सरगम बहुतेक वेळा ओळीच्या अशा टोकावर येते जिथे शब्द सांगायचं ते सांगून झालेले असतात आणि भावना अजून उरलेली असते. 'न तू, न मैं' यानंतर अर्थाने पुढे कुठे जायचं? तिथे स्वरच जाऊ शकतात. आणि मग मूळ ओळीवर ते असे उतरतात की समेवर माणूस जागचा उठतो.

हीच सरगम भाषेच्या पलीकडेही पोचली. १९८५ साली इंग्लंडमधल्या मर्सी बेटावर वोमॅड या जागतिक संगीताच्या महोत्सवात ते गायले तेव्हा समोरच्या बहुतांश श्रोत्यांना एक शब्दही कळत नव्हता. त्याआधी बर्मिंगहॅमच्या ओरिएंटल स्टार एजन्सीजच्या कॅसेटींमुळे ब्रिटनमधल्या पंजाबी घरांत ते पोचलेच होते. या महोत्सवाने त्यांना बाकीच्या जगापुढे नेलं. ब्रिटिश रॉक संगीतकार पीटर गॅब्रिएल यांच्या रिअल वर्ल्ड कंपनीने त्यांचं ध्वनिमुद्रण केलं, १९९२ मध्ये ते सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पाहुणे कलावंत म्हणून शिकवायला गेले. आपल्या मुंबईशीही त्यांचं नातं जुनं. ऋषी कपूर यांच्या लग्नासाठी राज कपूर यांनी त्यांना बोलावलं होतं. पुढे 'बँडिट क्वीन'चं संगीत आणि जावेद अख्तर यांच्याबरोबरचा 'संगम' हा अल्बम झाला. १६ ऑगस्ट १९९७ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. वय होतं अवघं ४८.

मद्याचा विषय टाळून चालणार नाही, कारण नवा श्रोता इथे हमखास अडतो. भक्तिसंगीत म्हणायचं आणि ओळीओळीत साकी, मैखाना, पैमाना? उर्दू गझलेत प्रेमाचे दोन थर मानतात, मजाजी म्हणजे माणसावरचं आणि हकीकी म्हणजे ईश्वरावरचं. दर्ग्यातल्या श्रोत्याला साकी म्हणजे ज्ञान पाजणारा गुरू आणि नशा म्हणजे हाल. ट्रकमध्ये कॅसेट ऐकणाऱ्याला तीच ओळ स्वतःच्या दुरावलेल्या माणसाबद्दल वाटते. कव्वाल दोघांपैकी कुणालाही चूक ठरवत नाही. गिरह बांधताना तो एकदा पैगंबरांवरचा शेर आणेल आणि लगेच एखाद्या विरहिणीचा दोहा, आणि मूळ ओळ दोन्हीकडे सारखीच घट्ट बसेल. हा दुहेरी अर्थ मुद्दाम जपलेला आहे. तो काढून टाकला तर उरेल ते एकतर नुसतं प्रवचन, नाहीतर नुसतं प्रेमगीत.

म्हणूनच आज मोबाइलवर फिरणाऱ्या चार-पाच मिनिटांच्या तुकड्यांबद्दल मला वाईट वाटतं. त्यात मुखडा असतो, टाळ्या असतात, खाली नवा ठेका भरलेला असतो. गिरह गेलेली असते. स्वतः खांसाहेबांनीही मिश्र संगीताचे प्रयोग हौसेने केले. १९९० चं गिटारवादक-निर्माते मायकेल ब्रूक यांच्याबरोबरचं काम ऐकण्यासारखंच आहे. पण ती वेगळी चीज आहे. तिच्यावरून कव्वालीचा अंदाज बांधू नये.

सुरुवात करायची असेल तर पॅरिसमधल्या १९८५ च्या मैफिलीची ध्वनिमुद्रणं शोधा. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा 'चेन ऑफ लाइट' हा अल्बमही आहे. १९९० साली ध्वनिमुद्रित होऊन संग्रहात पडून राहिलेल्या टेपांमधून तो आला. निवडताना वीस मिनिटांच्या खालचं काही घेऊ नका. पहिल्यांदा ऐकताना अर्थाच्या मागे लागू नका, फक्त मुख्य ओळ कुठली ते पकडा. दुसऱ्यांदा ती ओळ कागदावर लिहून समोर ठेवा आणि बाहेरचा शेर आला की खूण करा: फारसी की पंजाबी, ब्रज की उर्दू. तो शेर शोधून त्याचा अर्थ लावा आणि त्याचा शेवटचा शब्द मूळ ओळीच्या पहिल्या शब्दाला कुठे चिकटतो ते पाहा. तिसऱ्यांदा कागद बाजूला ठेवून ऐका.